हजेरी मागणारा माणूस

ते प्रकरण मला रोज सकाळी आठवतं. का आठवतं, ते शेवटी सांगतो. गावाचं नाव सांगायला हरकत नाही, परभणी. माणसांची नावं मात्र कोणाचीच लिहिणार नाही, कारण त्यातले बरेच जण अजून याच रस्त्यांनी येतात-जातात.

मी मूळचा समुद्राकाठचा. शाळा भरतीला लागेल तेवढीच झाली. इकडे पोलीस भरती निघाली म्हणून आलो, शिपाई म्हणून लागलो आणि सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. आलो तेव्हा इथल्या बोलीतलं ‘करायलाय’ न् ‘जायलाय’ कानाला कळायचं नाही. पंचनामा लिहायचा म्हटलं की हाताला घाम सुटायचा. ज्यांच्याकडे भाड्याने राहिलो ते निवृत्त गुरुजी होते. त्यांनी मला रोज जेवणानंतर एक पान लिहायला लावलं, म्हणून आज हे लिहितोय. काही चुकलं तर सांभाळून घ्या. चुकेल ही धास्ती मला नोकरीतही होती, अजूनही आहे. कुलूप लावलं की परत जाऊन ओढून बघतोच.

आमच्या हद्दीत आठवडी बाजाराचं मैदान होतं. बाजाराच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसायची. बाकीचे दिवस भाजीवाल्यांचे सिमेंटचे ओटे रिकामे. त्या ओट्यांवर नशा करणारी माणसं बसायची. गांजा, झोपेच्या गोळ्या, पंक्चरचं सोल्युशन, ज्याला जे परवडेल ते. त्यात हमाल होते, सेंट्रिंगवाले होते, एक-दोन बऱ्या घरचेही होते. बाजाराच्या दिवशी भाजीवाल्या बाया आधी गोळ्यांची रिकामी पाकिटं झाडून काढायच्या, मग मेथी मांडायच्या.

तक्रारी वाढल्या तेव्हा आमच्या पोलीस निरीक्षक साहेबांनी छापा टाकायचं ठरवलं. पथक तयार झालं, पंच आले, गाडी निघाली. मैदानावर पोचलो तर ओटे मोकळे. एक कुत्रं झोपलेलं. पुन्हा छापा, पुन्हा तेच. त्यानंतरच्या वेळी साहेबांनी फोन जमा करून घेतले, कुठे जायचंय ते गाडीत बसल्यावर सांगितलं, तरी तेच. कुत्रंसुद्धा तेच.

साहेब तरुण होते, स्पर्धा परीक्षेतून आलेले. त्यांना ते फार लागलं. “ठाण्यात फितुरी आहे,” म्हणाले. आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागलो. माझ्या मनात तर उगाच आलं की साहेबांचा संशय माझ्यावरच असेल, कारण परका मी एकटाच.

मैदानाच्या कडेला एका बाईचं चहाचं दुकान होतं. सगळे तिला मावशी म्हणत. मला फौजदारकी मिळून किती दिवस झाले तरी ती जमादारच म्हणायची. एकदा चहा देता देता ती बोलली, “जमादार, किती येळा गाडी फिरवायलेत? लगीन हाय का कुणाचं?”

“तूच सांग मावशी, खबर कोण देतं?”

“मला इचारू नका. तुमच्या दारातल्या लिंबाखाली रोज कोण बसायलंय, त्येला इचारा. ओट्यावरचाच हाय त्यो. सकाळी तुमच्याकडं, दुपारी त्यांच्याकडं.”

ती म्हणत होती तो माणूस मला माहीत होता. पंप-मोटारीचं वाइंडिंग करणारा कारागीर, पस्तिशीचा, राणीसावरगावकडचा. गोळ्यांच्या नादात काम गेलं, मग मालकाच्याच दुकानातून तांब्याची तार उचलली. त्या गुन्ह्यात जामीन झाला तेव्हा कोर्टाने अट घातली होती, दर सोमवारी सकाळी ठाण्यात हजेरी. ती हजेरी मीच घ्यायचो. दोषारोपपत्र कोर्टात गेलं आणि अट संपली. त्याला तसं सांगितलंही होतं. तरी तो यायचा. आता सोमवारीच नाही, रोज. फाटकाच्या आत कडुलिंब होता, त्याखाली बसायचा. सकाळची गणना व्हायची, ड्युट्या वाटल्या जायच्या, ते सगळं त्याच्या डोळ्यांदेखत. उन्हं वर आली की उठून जायचा. ठाण्यात रोज इतकी माणसं बसलेली असतात की कोणी कोणाला विचारत नाही.

मी साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, “हाच. आत घ्या त्याला.”

मागच्या खोलीत त्याला बसवलं. थंडीचे दिवस होते. साहेबांनी स्वतः विचारपूस सुरू केली.

“कोणाचा माणूस आहेस?”

“कुणाचाच न्हाई, साहेब.”

“मग इथं रोज काय करतोस? हवा खायला येतोस?”

त्याने बाहीला नाक पुसलं.

“गाडी निघाली की कोणाला सांगतोस? फोन कुठाय तुझा?”

“फोन इकला, साहेब. कवाच.”

गुन्हे शोधणाऱ्या डीबी पथकातला एक हवालदार, आवाजाने दणकट, मागून म्हणाला, “साहेब, गोड बोलून नाही व्हायचं. माझ्याकडं द्या.” तो माणूस खाली बघत राहिला. मार खाण्याची त्याची तयारी दिसत होती. बोलण्याची दिसत नव्हती.

साहेबांना तेवढ्यात वरिष्ठांचा फोन आला, ते बाहेर गेले. जाताना मला म्हणाले, “तुम्ही बघा.”

मी समोर बसलो आणि काही न विचारता त्याच्याकडे नुसतं बघितलं. चौकशीचं शिक्षण मला कोणी दिलेलं नव्हतं. पण माणूस काय बोलतो यापेक्षा त्याचं अंग काय बोलतं ते आधी बघायचं, एवढं अनुभवाने कळलं होतं. थंडीत त्याच्या कपाळावर घाम होता. हातावर काटा. नाक गळत होतं, सारख्या जांभया. दोन्ही तळवे मांडीखाली दाबून धरलेले, का तर थरथर दिसू नये. गोळी न मिळालेल्या माणसाची ही लक्षणं. आणि आठवायला लागलो तेव्हा लक्षात आलं, लिंबाखाली तो रोज असाच असायचा.

इथे माझं गणित अडलं. माल विकणारा आपल्या माणसाला कधी कोरडा ठेवत नाही. पैसे देईल न देईल, पण खबर आणणाऱ्याला गोळी आधी मिळते, तोच त्याचा पगार. हा खबऱ्या असता तर सकाळी सकाळी असा तडफडत आमच्या दारात बसला नसता.

मी विचारलं, “शेवटची गोळी कधी घेतलीस?”

“काल सांजच्याला.”

“आज सकाळी का नाही?”

“ठाण्यात यायचं होतं नव्हं.”

“अरे पण तुझी हजेरी संपलीय. मीच सांगितलं ना तुला?”

“म्हणूनच यायलोय.”

मला काही समजेना. हवालदार म्हणाला, “ह्याचं डोकं गेलंय, साहेब.”

तो पहिल्यांदा वर बघून बोलला. “साहेब, हजेरी घेताना तुमी डोळे बघायचे. नशा दिसली तर जामीन रद्द करतो म्हणायचे. म्हणून इतवारच्या रात्री आन् सोमवारी सकाळी मी गोळीला हात लावत नव्हतो. हातात घेऊन बसायचो, पर खात नव्हतो. आठवड्यात तेवढाच येळ मी माणसात असायचो. मंग तुमी म्हणले, आता यायची गरज न्हाई. त्या सोमवारी सकाळीच खाल्ली. लय भ्या वाटलं मला. आता अडवायला कायच उरलं न्हाई, असं झालं. म्हणून रोज यायला लागलो. हितं बसायचं म्हणलं की सकाळ निघती.”

“मग सांगायचं नाही का आम्हाला?”

“काय सांगू? पोलिसाला जाऊन म्हणू, मला गोळी सोडवा? इचारलं असतं तर हाकललं असतं तुमी. बसलं तर कुणी काय म्हणत न्हाई.” मग हात जोडून म्हणाला, “साहेब, माझी हजेरी लावा की पुन्हा. रोजची लावा.”

हवालदार मोठ्याने हसला. “ऐका! लोक हजेरी चुकवायला वकील लावतात, ह्यो पठ्ठ्या मागून घेतोय!” हसला खरा, पण नंतर तोच बाहेर जाऊन तीन चहा सांगून आला.

चहा पिताना मी सहज विचारलं, “मग छाप्याची खबर देतं तरी कोण?”

त्याने माझ्याकडे असं बघितलं की मीच येडा. “तुमीच देता की.”

“आम्ही?”

“गांजा मोजायला काटा लागतो ना तुमाला? तुमचा शिपाई मैदानाच्या कोपऱ्यावरल्या किराणा दुकानात जातो आन् काटा उचलून आणतो. पाठीमागून गिऱ्हाईक येतं साखर मागायला. दुकानदार म्हणतो, थांबा, काटा पोलिसांनी नेलाय. तेवढ्यात सगळं मैदान उठतंय. कुत्रं तेवढं राहतंय, त्याला साखर लागत न्हाई.”

साहेब केव्हा येऊन दारात उभे राहिले होते, कळलं नव्हतं. गांजाचा छापा म्हटला की जागेवर वजन करावं लागतं, त्यामुळे काटा आणि काटेवाला बरोबर न्यावा लागतो. आमच्या ठाण्याचा रिवाज असा की जवळचं दुकान बघायचं. वर्षानुवर्षं तोच काटा. दुकानदाराचा काही दोष नव्हता, बिचारा गिऱ्हाइकाला खरं सांगायचा. ठाण्यातूनच खबर जायची, ही साहेबांची गोष्ट बरोबर निघाली. फक्त ती जाण्याची वाट वेगळी होती.

साहेब एकदम हसायला लागले. इतके दिवस त्यांना कोणी हसताना पाहिलं नव्हतं. “फोन जमा केले आणि काटा मोकळा सोडला,” म्हणाले.

त्या कारागिराची रोजची हजेरी मी दुसऱ्या दिवसापासून वहीत लावू लागलो. पुढच्या छाप्याला काटा झरी गावाहून आणला, एका धान्याच्या व्यापाऱ्याकडून. काटेवालाही तिकडचाच. पंच म्हणून दोन सरकारी कर्मचारी घेतले. मैदानावर पोचलो तेव्हा सगळे जागच्या जागी होते. माल विकणारा निघाला मैदानाजवळचा पंक्चरचा दुकानवाला. ट्यूबच्या खोक्यामागे गांजाच्या पुड्या आणि गोळ्यांची पाकिटं सापडली. पंचनामा मी लिहिला. कोपऱ्यावरचा दुकानदार उन्हाला हात आडवा धरून बघत होता. म्हणाला, “फौजदारसाहेब, ह्या टायमाला आमचा काटा न्हाई नेला?” त्याला वाईट वाटलं होतं.

माझ्या अंदाजाने ओट्यांवरची माणसं पळायला हवी होती. बरेच पळालेही. पण काही जण बसून राहिले. एक वयस्कर हमाल म्हणाला, “जमादार, त्येला नेलं तुमी. आता आमी कुठं जायचं?”

पथकातले हसले. मग त्याच्या शेजारचा म्हणाला, “त्या वाइंडिंगवाल्याची हजेरी लावता म्हणं तुमी. आमची बी लावा की.”

मला वाटलं चेष्टा करतोय. दुसऱ्या दिवशी सकाळी गणनेच्या वेळी लिंबाखाली तिघं बसलेले होते, आमचा वाइंडिंगवाला, तो हमाल आणि त्याच्या शेजारचा.

इथून माझी खरी धास्ती सुरू झाली. गुन्हा दाखल झाला, आरोपी रिमांडवर गेला, कागद पुरे झाले. पण ही माणसं? यातला एखादा आमच्या आवारात कोसळला तर? चौकशी लागेल, कोठडीत होता का, का बसवून ठेवला होता, हजार प्रश्न. साहेबही म्हणाले, “ठाण्याचं व्यसनमुक्ती केंद्र करायचंय का तुम्हाला?” मी व्यसनमुक्ती केंद्रातल्या ओळखीच्या एका डॉक्टरांना फोन केला. ते जवळजवळ ओरडलेच. “गोळ्या अशा एकदम तोडून बसवू नका हो! जीवावर बेतेल. आमच्याकडे पाठवा, आम्ही हळूहळू उतरवत आणतो.” मग म्हणाले, जे अॅडमिट होतील त्यांच्यासोबत घरचं माणूस लागेल.

दोघांच्या घरचे आले. हमालाची म्हातारी तर सकाळीच भाकरी बांधून आली. आमच्या वाइंडिंगवाल्याचा मात्र एकच भाऊ, मोठा, आणि तो फोनवर म्हणाला, “मेला तरी कळवू नका.”

सुट्टीच्या दिवशी मी राणीसावरगावला गेलो. गणवेश न घालता. भाऊ शेतातून येऊन हातपाय धूत होता. पाणी दिलं, बाजेवर बसवलं, पण विषय काढू देईना.

“फौजदारसाहेब, तुमी पाव्हणे म्हणून आलात, जेवून जा. त्याचं नाव काढू नका. केंद्रात घालायच्या तीन खेपा झाल्या. जीपमधी हातपाय बांधून नेला, मी आन् चार माणसांनी. पंधरवडा न्हाई झाला, भिंतीवरून उडी टाकून पळाला. गावात तोंड काढायला जागा ठिवली न्हाई. आता माझी जिम्मेदारी संपली.”

मी म्हटलं, “मी तुम्हाला जिम्मेदारी घ्या म्हणत नाही. मी साक्ष द्यायला आलोय.”

“कसली साक्ष?”

मी सगळं सांगितलं. हजेरी संपल्यावरही तो येत होता, लिंबाखाली कोरडा बसत होता, चौकशीत हात जोडून त्याने काय मागितलं. पोलिसात राहून मी हजारो साक्षी लिहिल्या, स्वतः अशी साक्ष पहिल्यांदाच देत होतो. शब्द अडखळले. भाऊ टॉवेल हातात धरून तसाच उभा.

“त्याला कुणी आणत होतं का ठाण्यात?”

“कोणी नाही.”

“तुमी बोलावलं होतं?”

“उलट येऊ नको म्हणून सांगितलं होतं.”

“आपल्या पायानं यायलाय?”

“रोज.”

तो बाजेच्या कडेला बसला. टॉवेलची घडी घातली, परत मोडली. घरातून त्याच्या बायकोचा आवाज आला, “ऐकायलात ना? आपल्या पायानं म्हणायलेत ते.” तो तिच्यावर खेकसला, “ऐकू आलं मला, बहिरा न्हाई मी!” मग मला म्हणाला, “आमी बांधूनच नेलं दर टायमाला. त्याचं त्यानं कदी म्हणलंच न्हाई. का आमी इचारलंच न्हाई, काय ठावं.”

दुसऱ्या दिवशी तो पहिल्या एसटीने आला. लिंबाखाली दोघं भाऊ समोरासमोर आले तेव्हा मोठा एवढंच म्हणाला, “किती वाळलास रे.” धाकटा म्हणाला, “दाढी किती पांढरी झाली तुझी, दादा.” आणि दोघं रिक्षात बसून गेले.

नोकरीत मला वाटायचं, नशेतल्या माणसाला सुटायचंच नसतं, त्याला ओढून काढावं लागतं. हे प्रकरण झाल्यावर तसं वाटणं बंद झालं. ओट्यावरच्या सगळ्यांना सुटायचं होतं असं मी म्हणणार नाही, काहींनी आम्हाला चांगल्या शिव्या दिल्या. पण बऱ्याच जणांच्या मनात सकाळचा थोडा वेळ दार उघडं असतं. त्या वेळात जवळपास विचारणारं कोणी नसतं. संध्याकाळी आपण छापा घेऊन जातो, तेव्हा ते बंद झालेलं असतं. शिवाय मदत मागणारा माणूस ‘मदत करा’ असं म्हणतोच असं नाही. तो कुठेतरी उगाच येऊन बसतो. मीही या गावात आलो त्या दिवशी गुरुजींच्या ओसरीवर असाच उगाच बसलो होतो. खोली मागायचं धाडस झालं नाही. त्यांनीच बाहेर येऊन विचारलं, “काय रे, जेवायचा आहेस का?” ते ऋण माझ्यावर आहे, फिटायचं नाही.

आमचा वाइंडिंगवाला आता पेडगावच्या रस्त्याला एका दुकानात वाइंडिंगचं काम करतो. केंद्रातून सुटला तेव्हा मी निवृत्तीला आलो होतो. भेटायला आला आणि पहिलं काय विचारलं, तर “साहेब, तुमी चालले, आता हजेरी कुणाकडं?” मी म्हटलं, फोन घे एक आणि सकाळी मला मिस्ड कॉल देत जा. कोरडा असलास तर दोनदा वाजव.

मध्ये एकदा फोन आला नाही. मी चप्पल घालून निघणार, तर फाटकाशी तोच उभा. डोळे लाल, पाय लटपटत. “साहेब, काल खाल्ली. दोनदा वाजवता येईना, म्हणून चालत आलो.” मला राग यायला हवा होता. आला नाही. खाल्लेली असताना तो लपून बसला नाही, दारात आला, एवढं मला पुष्कळ होतं. त्याला आत घेतलं, भावाला कळवलं, डॉक्टरांकडे दोघं मिळून गेलो. तेव्हापासून अटीत बदल केलाय. कसाही असला तरी वाजवायचं, खाल्ली असली तर एकदाच.

माझे गावाकडचे भाऊ म्हणतात, नोकरी संपली, आता ये की परत, समुद्र बघत बस. जाईन म्हणतो, मग राहून जातं. सकाळी चहाचं आधण ठेवतो आणि फोन ओट्यावर समोर ठेवतो. वाजेपर्यंत मी साखर टाकत नाही.

आज दोनदा वाजला. साखर टाकली.